वृद्ध मनोरुग्णांची आक्रमकता आणि वॉर्डातली माणसं: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

वृद्धांच्या मानसोपचार वॉर्डात, स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासी केंद्रांत आणि घरोघरी केअरटेकर म्हणून काम करणाऱ्यांसाठी आम्ही कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज भागात प्रशिक्षणवर्ग घेतो. पेशंटची आक्रमकता आणि तिच्याकडे पाहण्याचा कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन हा त्यांतला एक विषय. वर्गात हात वर करून जे विचारलं जात नाही, ते रात्री व्हॉट्सअॅपवर येतं. तेच प्रश्न इथे आहेत. भाषा बरीचशी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. नातेवाइकांचे प्रश्न शेवटी आहेत.

१. आक्रमकता म्हणजे नेमकं काय धरायचं? नुसत्या शिव्या दिल्या तरी रजिस्टरला लिहायचं का?

मारणं, ओरबाडणं, चावणं, थुंकणं, केस ओढणं, ताट भिरकावणं हे तर आहेच. धमकी, शिवीगाळ आणि अंगावर धावून येणं हेही त्यातच येतं. पण गोळी द्यायला गेल्यावर ओठ घट्ट मिटले किंवा शर्ट काढताना हात झटकला, तर तो विरोध आहे, हल्ला नव्हे. वॉर्डात हे दोन्ही एकाच ओळीत लिहिलं जातं: "पेशंट हिंसक." ती ओळ वाचून पुढच्या ड्यूटीची सिस्टर आधीच दोन मामांना (वॉर्डबॉयना) घेऊन खाटेपाशी जाते, आणि मग सकाळचा साधा विरोध संध्याकाळपर्यंत खरोखरची मारामारी होतो.

म्हणून नोंद जरूर करा, शिव्यांचीही करा, पण घडलं ते लिहा. आधी काय चाललं होतं, कोण जवळ होतं, पेशंट काय बोलला आणि कशानं शांत झाला, एवढं चार ओळींत बसतं.

२. मारतो पेशंट आणि दृष्टिकोन तपासायचा आमचा? हा कुठला न्याय?

प्रश्नातला राग समजतो. उत्तर मात्र सरळ आहे: मार बसल्यावर आपण त्याचं जे कारण मनात धरतो, त्यावर आपली पुढची कृती ठरते. "रोगच तसा" असं धरलं की हात इंजेक्शनकडे जातो. "मुद्दाम करतोय" असं धरलं की आवाज चढतो आणि त्याच्याकडे चहा सगळ्यात शेवटी पोचतो. "काहीतरी सांगायचंय" असं धरलं, तर निदान डायपर ओला आहे का ते तरी पाहिलं जातं.

ब्रिटनमधल्या जॉय डक्सबरी यांनी कर्मचारी आणि रुग्ण, दोघांनाही विचारता येईल अशी 'मावास' नावाची प्रश्नावली तयार केली. आक्रमकतेचं मूळ रोगात आहे, भोवतालात आहे की दोघांमधल्या वागण्यात, हे त्यात तपासतात. त्यांच्या २००५ च्या अभ्यासात परिचारिकांनी मुख्य बोट रोगाकडे दाखवलं. रुग्णांनी वॉर्डाची परिस्थिती आणि कर्मचाऱ्यांचं बोलणं पुढे केलं. तो अभ्यास वृद्धांच्या वॉर्डांपुरता नव्हता. पुढे २०११ मध्ये तिथल्याच स्मृतिभ्रंश केंद्रांतल्या पाहणीत कर्मचाऱ्यांचा कल परिस्थिती आणि संवाद यांच्याकडे अधिक दिसला. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत आपण मुळात जास्त समजूतदार असतो. आमच्या वर्गांतही हेच दिसतं. अडचण येते ती रात्री दोन वाजता, जेव्हा तीसेक खाटा आणि दोन माणसं असतात. समजूत तेव्हाही असते, वेळ नसतो.

३. पण काही म्हातारे खरंच मुद्दाम करतात. माणूस बघून मारतात. ते कसं काय?

स्मृतिभ्रंश पुढे सरकलेल्या माणसाला बेत आखून, संधी साधून त्रास देणं फारसं जमत नाही. "माणूस बघून" मारण्याची कारणं बहुधा वेगळीच निघतात. कुणी उजवीकडून येतं आणि त्या बाजूनं त्यांना ऐकू येत नाही. कुणी गार हातानं पांघरूण खसकन ओढतं. कुणाचा आवाज त्यांना भांडखोर भावाची आठवण करून देत असेल.

आणि एक कारण कोल्हापूरकरांनी मनाला लावून घ्यावं असं: हाक. आपल्याकडे "ए आबा, चल ऊठ" हे प्रेमानंच म्हटलं जातं. पण ज्या माणसाला चाळीस वर्षं सगळं गाव 'गुरुजी' म्हणत होतं, त्याला तो अपमान वाटतो. त्याला आजचा वार आठवत नसेल, आपला मान बरोबर आठवतो. दाखल करतानाच घरच्यांना विचारा की यांना कोण काय म्हणतं: अण्णा, तात्या, आक्का, बाई, सर? ते केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहा.

अपवाद अर्थातच आहेत. दीर्घकाळचा व्यक्तिमत्त्व-विकार, उन्माद किंवा संशयाचा आजार असलेला, पण स्मृती शाबूत असलेला वृद्ध ठरवूनही वागू शकतो. साठ ओलांडलेला प्रत्येक मनोरुग्ण स्मृतिभ्रंशाचा नसतो. अशांच्या बाबतीत स्पष्ट मर्यादा घालून देणं योग्यच आहे, फक्त ती सगळ्या ड्यूट्यांनी सारखी पाळावी. सकाळच्या सिस्टरनं नाही म्हटलेलं रात्रीच्या मामांनी दिलं, तर भांडण कुणाशी होणार ते सांगायला नको.

४. सगळ्यात जास्त मार कधी बसतो?

आंघोळ, कपडे बदलणं, डायपर बदलणं, तोंड धुवून देणं. अंगाला हात लावावा लागतो अशा वेळी. जगभरचे अभ्यास हेच सांगतात आणि कुठल्याही अनुभवी मावशीला ते अभ्यासाशिवायही ठाऊक असतं.

क्षणभर उलट बाजूनं बघा. आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई. तिला दोन अनोळखी माणसं धरतात, लुगडं सोडतात, फरशीवर उभं करतात आणि अंगावर पाणी ओततात. ही माणसं रुग्णालयाची आहेत हे तिला कळत नाही. तिनं ओरबाडलं तर ती शुद्धीवर असलेली कुठलीही बाई करेल तेच करते आहे.

उपाय महागडे नाहीत. बाईला बाईच हवी, ही अट कागदावर नको, ड्यूटी लावतानाच पाळली जावी. पाणी आधी पायावर, मग वर. डोकं शेवटी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. जो भाग धुतोय तेवढाच उघडा, बाकीच्यावर टॉवेल. पुढे काय करणार ते करण्याआधी सांगायचं आणि त्यांच्या हातात काहीतरी द्यायचं: साबण, तांब्या, काहीही. रिकामा हात गज धरतो नाहीतर तुमची वेणी. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आंघोळ माणसाच्या कलानं घातल्यावर किंवा खाटेवरच ओल्या, कोमट टॉवेलांनी अंग पुसल्यावर आक्रमक प्रसंग निम्म्याहून अधिक कमी झाले, आणि स्वच्छतेत काही उणं पडलं नाही.

"रोज नऊच्या आत सगळ्यांच्या आंघोळी झाल्याच पाहिजेत" हा नियम कुणाच्या सोयीसाठी आहे, हे वॉर्डाच्या इन्चार्जनी एकदा शांतपणे ठरवावं. माझं मत विचाराल तर हा एक नियम सैल केला तरी महिन्याचे निम्मे ओरखडे वाचतील.

५. आमच्याकडे एक जुने पैलवान आहेत. पकड अशी की मनगट सुटत नाही. त्यांच्याजवळ जायलाच भीती वाटते. काय करायचं?

तालमींच्या गावात हा प्रश्न येणारच. मेंदू थकला तरी अंगात मुरलेले डाव लवकर जात नाहीत. समोरून हात पुढे आला की ते कुस्तीतली खडाखडी समजतात आणि मनगट धरतात. त्यात राग असेलच असं नाही.

सुटण्याची पद्धत: मागे ओढू नका, ओढलं की पकड आवळते. अंगठा आणि बोटं जिथे मिळतात त्या फटीच्या दिशेनं मनगट फिरवून सोडवा, आणि तेवढ्यात तोंडानं बोलत राहा. हे वाचून येत नाही, एकमेकांवर सराव करावा लागतो. त्यांच्यापुढे सरळ छातीला छाती लावून उभं राहू नका, थोडं तिरकं आणि हातभर लांब थांबा. दार तुमच्या पाठीशी मोकळं असू द्या.

भीती वाटणं स्वाभाविक आहे आणि ती बोलून दाखवावी. न बोललेली भीती दोनच रूपांत बाहेर येते: माणूस त्या खाटेकडे फिरकत नाही, किंवा पहिल्या क्षणापासून जोरात धरतो. दोन्ही ठिकाणी पैलवानांचा पुढचा डाव ठरलेला. ज्यांना खरंच भीती वाटते त्यांना काही दिवस त्या खाटेपासून मोकळीक द्या आणि ज्यांचं त्यांच्याशी जमतं त्यांना पुढे करा. कुस्तीच्या गप्पा मारणारा एखादा मामा प्रत्येक वॉर्डात असतोच.

६. पहाटे चारला उठून दार बडवतात, अडवलं तर मारतात. संध्याकाळीही तोच गोंधळ. का?

पहाटेचं कारण आपल्या जिल्ह्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही. ज्यानं पन्नास वर्षं चारला उठून म्हशींची धार काढली, डेअरीची वेळ गाठली, त्याला बंद दार म्हणजे गोठ्यात खोळंबलेली जनावरं. तुम्ही "झोपा आबा, रात्र आहे" म्हणता. त्यांच्या लेखी तुम्ही नुकसान करताय. अशा वेळी खरं-खोटं पटवत बसू नका. "धार झाली का, किती लिटर निघालं?" असं विचारा, सोबत दोन फेऱ्या मारा, कपभर चहा द्या. केअरटेकर विचारतात, हे खोटं बोलणं नाही का? तुम्ही म्हशी आहेत असं सांगत नाही, त्यांच्या काळजीबद्दल बोलता. मला त्यात गैर वाटत नाही.

तिन्हीसांजेच्या अस्वस्थतेची कारणं वेगळी. दिवसभराचा थकवा, अपुरा प्रकाश, लांबलेल्या सावल्या, ड्यूटी बदलण्याची गडबड, भेटायला आलेले लोक परत जाताना. दिवे अंधार पडण्याआधी लावा, टीव्ही बंद ठेवा आणि नेमक्या त्या वेळी सगळे कर्मचारी काउंटरवर ओव्हर (पुढच्या ड्यूटीला ताबा) देत उभे नसतील एवढं बघा.

७. कालपर्यंत गरीब होते, आज एकदम मारायला उठले. रोग वाढला का?

स्मृतिभ्रंश एका रात्रीत वाढत नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वागणं पालटलं, शुद्ध कधी बरी कधी गढूळ वाटली, तर तो बहुधा तीव्र मतिभ्रम असतो, आणि त्यामागे शरीरातलं कारण असतं. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, छातीतला कफ, कमी झालेलं पाणी किंवा सोडियम, साखरेची चढ-उतार, नवं औषध, पडून झालेली इजा. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, सोमवारच्या राउंडची वाट पाहू नका. दारू रोज घेणारा माणूस दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांत बिथरला, तर तेही तातडीचंच.

दुखणं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही तो हात उगारतो. नॉर्वेमधल्या शुश्रूषागृहांत ३५२ स्मृतिभ्रंश रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पायरीपायरीनं वेदनाशामक दिलेल्या गटात अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली. त्यातली पहिली पायरी पॅरासिटामॉल होती. संधिवाताची आजी कूस बदलताना चावते, तेव्हा आधी तिचे गुडघे आठवा.

८. शिव्या फार घाण देतात. मनाला लागतं. ऐकून घ्यायचं का?

आपल्याकडे शिवी रागातही असते आणि लाडातही, त्यामुळे कोल्हापूरच्या सिस्टरला शिवीचं तसं अप्रूप नाही. तरी जातीवरून, चारित्र्यावरून काढलेली शिवी लागतेच, आणि लागू नये असा उपदेश मी करणार नाही. मेंदूचा पुढचा भाग झिजतो तेव्हा जिभेवरचा लगाम जातो; आयुष्यात कधी अपशब्द न काढलेली आजीही सटासट बोलते, आणि घरच्यांना आपल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

त्या क्षणी उलट उत्तर देऊ नका, हसूही नका. काम सुरक्षित थांबवता येत असेल तर दहा मिनिटांनी परत या. नंतर मात्र ते पचवून टाकू नका. प्रश्न १२ पाहा.

९. पेशंट कन्नडच बोलतात, पूर्वी मराठी येत होतं म्हणे. समजावता येत नाही आणि मग मारतात.

निपाणी, चिकोडी, बेळगाव भागातून येणाऱ्या पेशंटच्या बाबतीत हे हमखास होतं. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, लहानपणची टिकते. दुखतंय, पाणी, लघवी, जेवण, भिऊ नका, मुलगा येणार आहे: एवढे कन्नड शब्द घरच्यांकडून देवनागरीत लिहून घ्या आणि खाटेशेजारी लावा. मुलीच्या आवाजातलं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं एक वाक्यही उपयोगी पडतं.

१०. हात-पाय बांधून ठेवलं तर चालतं का? रात्री स्टाफ नसतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ नुसार शारीरिक बंधन तेव्हाच, जेव्हा पेशंटला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळायचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही. त्याला उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी हवी, ते गरजेपेक्षा क्षणभरही जास्त नको, सतत देखरेख हवी. कारण, पद्धत आणि कालावधी केसपेपरवर लिहायचा आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीनं बघायला नेमलेल्या व्यक्तीला) २४ तासांच्या आत कळवायचं. शिक्षा म्हणून किंवा जरब बसावी म्हणून बांधता येत नाही. आणि प्रश्नातलं कारण, म्हणजे माणसं कमी आहेत, हे कायद्यानं नाव घेऊन नाकारलं आहे. साखळदंड तर कलम ९५ नं कोणत्याही स्वरूपात बंद केले आहेत.

"बांधलं नाही, फक्त खाटेचे दोन्ही कठडे लावले" असंही सांगितलं जातं. उतरू पाहणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी लावलेला कठडा बंधनच आहे, शिवाय त्यावरून चढून पडलं तर पडण्याची उंची वाढते. बांधलेल्या वृद्धाची कातडी सोलवटते, न्यूमोनिया आणि जखमांचा धोका वाढतो आणि सुटल्यावर तो पहिला मारतो तो बांधणाऱ्यालाच.

११. मग शांत करणारं औषध का नको? इंजेक्शननं काम होतं की.

काही वेळा हवंच असतं आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पण स्मृतिभ्रंशात मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याचा इशारा २००५ मध्ये नव्या औषधांसाठी दिला आणि २००८ मध्ये जुन्यांनाही लावला. पडणं आणि पक्षाघात हेही धोके आहेत. म्हणून लहान मात्रा, ठरावीक मुदत आणि नियमित फेरविचार.

एक अपवाद पाठ असू द्या: लेवी बॉडी स्मृतिभ्रंश. या पेशंटना हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं शरीर ताठरून जीवावर बेतू शकतं. माणसं-जनावरं दिसण्याचे भास, हालचालीत कंप आणि ताठरपणा, दिवसागणिक कमी-जास्त होणारी शुद्ध, अशी लक्षणं दिसली तर इंजेक्शन भरण्याआधी डॉक्टरांना सांगा. झोपेच्या काही गोळ्यांनी वृद्ध उलटे जास्त बिथरतात, हेही.

१२. मार बसला की पेशंटचा राग येतो. मग अपराधी वाटतं. मी या कामाला नालायक आहे का?

नाही. तोंडावर थुंकल्यावर ज्याला काहीच वाटत नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. राग येणं ही चूक नाही. तो पुढच्या स्पंजिंगमध्ये हाताच्या जोरातून उतरला तर मात्र ती मारहाणच आहे, मग तिला कितीही 'शिस्त' म्हणा.

"या कामात हे चालायचंच" हे वाक्य मोठ्या सिस्टर धीर द्यायला म्हणतात, पण त्यानं नवी मुलगी गप्प बसते. मार लागला तर आधी जखम दाखवा. चाव्यानं कातडी फाटली असेल तर साबण-पाण्यानं धुवा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, धनुर्वात आणि कावीळ-बीच्या लशीचं विचारा. मग त्याच ड्यूटीत कुणापाशी तरी बोला आणि नोंद करा. इन्चार्जनं पहिला प्रश्न "लागलं का?" विचारावा. "तू काय केलंस?" हे दुसऱ्या दिवशी, चहा पिताना.

१३. पोलिसांत तक्रार करता येते का?

वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. नातेवाइकानं हात उचलला तर तो निःसंशय वापरा. पेशंटच्या बाबतीत वेगळा विचार लागतो: कृत्याचं स्वरूप किंवा ते चुकीचं आहे हेच मनोविकारामुळे ज्याला कळत नाही, त्याचं कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ नुसार गुन्हा ठरत नाही. स्मृतिभ्रंशाच्या आजोबांवर तक्रार करून हाती काही लागणार नाही. खरी दाद व्यवस्थापनाकडे मागायची: रात्री माणसं वाढवा, उपचाराचा खर्च द्या, भरपगारी रजा द्या. ती लेखी मागा.

१४. आजोबा अंगाला नको तिथे हात लावतात. म्हातारा आहे म्हणून सोडून द्यायचं?

नाही. तेही मेंदूच्या आजारातून असू शकतं, पण ते सोसणं तुमच्या पगारात धरलेलं नाही. स्पष्ट आवाजात "नाही, हात काढा" म्हणा, बाजूला व्हा, आणि अंग पुसण्याच्या कामाला पुरुष कर्मचारी मागा. कधी कधी पत्नी समजून हात लावला जातो. तेव्हा आपलं नाव आणि काम सांगूनच सुरुवात केलेली बरी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात रुग्णालयं येतात, आणि तिथे संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासून सुरक्षितता देणं ही मालकाची जबाबदारी आहे. "तू मनावर घेऊ नकोस" एवढ्यावर ती भागत नाही.

१५. (नातेवाईक) आई घरी कुणाला बोट लावत नव्हती. तुमच्याकडेच का मारते? तुम्ही काय करता तिला?

हा प्रश्न ऐकून कर्मचारी चिडतात, पण तो विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. घरी तिची खोली, तिचा आवाज ओळखणारी माणसं, तिच्या वेळा होत्या. इथे सगळंच परकं, आणि घरी तुम्ही अंगाला हात न लावता चालवून घेतलेल्या गोष्टी इथे कराव्या लागतात. पहिले काही आठवडे वागणं बिघडणं म्हणूनच नेहमीचं.

तरीही अंगावर, विशेषतः दंडावर बोटांच्या आकाराचे वण दिसले, ठरावीक माणूस आला की ती आक्रसते असं वाटलं, अवेळी भेटू दिलं जात नसेल, तर लेखी उत्तर मागा. बंधन वापरलं होतं का, तेही विचारा (प्रश्न १०). आणि सोबत मदतही करा: तिच्या सवयींचा एक कागद लिहून द्या. चहात साखर किती, देव कुठला, आंघोळ सकाळी की दुपारी, कशानं चिडते, कशानं हसते. असा कागद फार कमी घरांतून येतो.

१६. (नातेवाईक) आम्ही वडिलांना घरीच सांभाळतो. ते मारतात. आम्हाला हे नियम लागू आहेत का?

नातेवाइकांनी घरी सांभाळण्याला २०१७ चा कायदा मानसिक आरोग्य आस्थापना मानत नाही, त्यामुळे नोंदी आणि मंजुऱ्यांचे नियम तुम्हाला तसेच्या तसे लागत नाहीत. याचा अर्थ खोलीत कोंडायला मोकळीक आहे असा नाही. वृद्धाला इजा किंवा हाल झाले तर इतर कायदे आहेतच. पाळायच्या गोष्टी प्रश्न ४, ६ आणि ७ मध्ये आल्या आहेत. घरात आणखी दोन गोष्टी: विळी, सुरी, कोयता, खुरपं नजरेआड ठेवा, आणि सगळा भार एकट्या सुनेवर टाकू नका.

केअरटेकर ब्युरोकडून माणूस घेताना "ते मारतात" हे लपवू नका. पहिल्याच दिवशी फटका बसलेला मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही. तपासणीसाठी कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर आहे. वडिलांच्या हातात जड किंवा धारदार वस्तू असेल, तर सगळ्यांना आधी खोलीबाहेर काढा आणि मगच फोन लावा: ११२.